सहा वेळा देशाचा कप जिंकलेला क्लब बंद कसा पडतो?

2025 च्या जुलैत इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम बेमुदत लांबणीवर पडल्याची बातमी आली आणि काही क्लबांनी आपला कारभार तात्पुरता गुंडाळून ठेवला. तेव्हा एरवी फुटबॉलकडे ढुंकूनही न बघणाऱ्यांनी एक रास्त प्रश्न विचारला. खेळाडू आहेत, मैदान आहे, जर्सी घालून ओरडणारी पोरं आहेत, मग क्लब 'बंद पडतो' म्हणजे नेमकं काय होतं? दुकानाला टाळं लागतं तसं? की जुन्या तालमीसारखं, हळूहळू कुणी येईनासं होतं?

हे समजून घ्यायला मला आर्मेनियातलं उदाहरण सगळ्यात सोपं वाटतं. देश छोटा, लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, म्हणजे 2011 च्या जनगणनेतल्या पुणे शहराएवढी. तिथे क्लब इतक्यांदा जन्मले, मेले आणि नाव बदलून परत आले, की त्यांची यादी करताना वंशावळ काढल्यासारखं वाटतं. त्यातला एक क्लब होता मीका.

## मीका म्हणजे कोण?

राजधानी येरेवानपासून वीसेक किलोमीटरवर, कसाख नदीच्या घळईकाठी अश्तराक नावाचं गाव आहे. मीका तिथला. आधी त्याच्या नावात ही नदीच होती. विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी एका उद्योगसमूहाचा पैसा आला, त्याबरोबर त्या समूहाचं नावही आलं, आणि कसाखचा मीका झाला.

पुढे जे झालं ते कुठल्याही क्लबाला हेवा वाटावा असं. मीकाने आर्मेनियन कप 2000, 2001, 2003, 2005, 2006 आणि 2011 असा सहा वेळा जिंकला. लीगचं विजेतेपद मात्र कधीच हाती लागलं नाही, कारण 2001 ते 2010 अशी सलग दहा वर्षं ते येरेवानच्या प्युनिक या क्लबाने कुणाला घेऊच दिलं नाही. युरोपातही मीका अगदीच हात हलवत परतला असं नाही. 2007 मध्ये युएफा कपच्या पात्रता फेरीत त्यांनी बुडापेस्टच्या एमटीकेला घरी पाठवलं. एमटीके हा एकोणिसाव्या शतकात स्थापन झालेला क्लब. मीकाच्या तेव्हाच्या नावाला दहा वर्षंही झाली नव्हती.

2007 मध्ये क्लब अश्तराक सोडून येरेवानला आला. 2008 मध्ये शेंगावित भागात त्याचं स्वतःचं स्टेडियम उभं राहिलं, सात हजार खुर्च्यांच्या आसपासचं. आणि 2016 च्या उन्हाळ्यात, हंगाम संपल्यावर, आर्थिक अडचणींमुळे क्लब विसर्जित झाला.

त्या सहा अंतिम सामन्यांत समोर कोण होतं तेही बघण्यासारखं आहे. अनुक्रमे झ्वार्तनोत्स, अरारात, बनांत्स, किलिकिया, प्युनिक आणि शिराक. यातला झ्वार्तनोत्स आता नाही. किलिकिया नाही. बनांत्सने 2019 मध्ये नाव बदलून उरार्तू केलं. म्हणजे जिंकणारा तर गेलाच, हरणाऱ्यांपैकीही निम्मे त्या नावाने शिल्लक नाहीत.

## क्लब चालतो कशावर?

आपल्याकडचं गणेश मंडळ डोळ्यांसमोर आणा. काही मंडळं वर्गणीवर चालतात. चाळीतल्या, गल्लीतल्या शंभर-दोनशे घरांतून पावती फाडून थोडे थोडे पैसे येतात. एखाद्या वर्षी पाच घरांनी हात आखडला, तर मांडव थोडा लहान होतो, ढोलपथक येत नाही, पण गणपती बसतोच. काही मंडळांचा सगळा भार मात्र एका 'दादा'वर असतो. लायटिंग त्याचं, आरतीला आलेला कलाकार त्याचा, कमानीवर फोटोही त्याचाच. झगमगाट तिथेच जास्त. दादा निवडणूक हरला किंवा त्याचा धंदा बसला की पुढच्या वर्षी त्या जागेवर गाड्या पार्क केलेल्या दिसतात.

फुटबॉल क्लबाची वर्गणी चार दारांतून येते: तिकीटविक्री, टीव्हीचे हक्क, जाहिरातदार आणि खेळाडूंची विक्री. इंग्लंड-स्पेनमध्ये या चारही दारांतून पैसा येतो. आर्मेनियात पहिली तीन दारं जेमतेम किलकिली असतात. प्रेक्षक थोडे, त्यामुळे तिकिटं स्वस्त. टीव्हीचा बाजार चिमुकला, त्यामुळे हक्कांना किंमत नाही. जाहिरातदार तरी कशासाठी पैसे ओतेल? उरतं चौथं दार, त्याकडे नंतर येतो. तोवर पगार, प्रवास, हॉटेलं, गोलकीपरचे हातमोजे, हे सगळं दादाच्या खिशातून. मीका हे दुसऱ्या प्रकारचं मंडळ होतं, आणि आर्मेनियातले बहुतेक क्लब तसेच होते.

## हे असं झालं कसं?

इथे थोडं मागे जावं लागतं, कारण दोष एका माणसावर ढकलून मोकळं होणं सोपं आहे आणि चुकीचं आहे.

आर्मेनिया सोव्हिएत संघात होता त्या काळात क्लबाला मालक नसायचा, पण आश्रयदाता असायचाच. कारखाना, रेल्वे, पोलीस खातं, कामगार संघटना. नावावरूनच कळायचं: दिनामो म्हणजे पोलिसांशी जोडलेला, लोकोमोतिव म्हणजे रेल्वेचा. आर्मेनियातल्या अरारात गावात सिमेंटचा कारखाना होता, तर तिथल्या संघाचं नाव सरळ 'त्सेमेंत', म्हणजे सिमेंट. क्लबाने पैसे कमवायचे असतात ही कल्पनाच त्या व्यवस्थेत नव्हती. आपल्याकडे बँका, रेल्वे आणि तेल कंपन्या खेळाडूंना नोकरीवर घेऊन संघ उभे करत आल्या, त्याचाच हा मोठा भाऊ.

ती व्यवस्था भिकार होती असंही म्हणता येत नाही. 1973 मध्ये येरेवानच्या अरारात क्लबाने निकिता सिमोन्यान यांच्या मार्गदर्शनाखाली अख्ख्या सोव्हिएत संघाची लीग आणि कप, दोन्ही एकाच हंगामात जिंकले. 1975 मध्ये युरोपियन कपच्या उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी बायर्न म्युनिकला येरेवानमध्ये 1-0 असं हरवलं. म्युनिकमधल्या सामन्यात 2-0 अशी हार झाली होती, म्हणून ते बाहेर पडले. बायर्नने तो कप पुढे जिंकला. हराझदान दरीतलं सत्तर हजारांचं स्टेडियम तेव्हा भरत असे.

मग 1991 उजाडलं. देश स्वतंत्र झाला. 1992 ला पहिली राष्ट्रीय लीग झाली आणि शिराक व होमेनेतमेन असे दोन संयुक्त विजेते ठरले. पण त्याच काळात अझरबैजानशी युद्ध चालू होतं, अझरबैजान आणि तुर्कस्तानकडच्या सीमा बंद झाल्या होत्या. 1988 च्या भूकंपानंतर मेत्सामोरचं अणुवीज केंद्र बंद ठेवलं होतं, ते 1995 मध्ये पुन्हा सुरू झालं. मधल्या हिवाळ्यांत दिवसातून तास-दोन तास वीज यायची. कारखाने थंड पडले. ज्या हातांनी क्लब पोसले होते ते हातच रिकामे झाले.

क्लबांना नवा आश्रयदाता हवा होता आणि नव्या पैसेवाल्यांना नाव हवं होतं. सौदा आपोआप जुळला. कारखान्याच्या जागी उद्योगपती आला, एवढाच काय तो बदल. वर्गणीची सवय ना लोकांना लागली, ना क्लबांना.

## दोन विमान कंपन्या, दोन क्लब

मीका हे मिखाइल बगदासारोव्ह यांच्या उद्योगसमूहाचं नाव. इंधनाचा व्यापार, हराझदान गावातला सिमेंट कारखाना आणि आर्माविया ही देशाची प्रमुख विमान कंपनी, असा त्यांचा पसारा. चांगल्या दिवसांत या पसाऱ्यातला एक छोटा तुकडा क्लबाला पुरून उरत होता. स्टेडियम आलं ते याच दिवसांत.

मार्च 2013 च्या अखेरीस आर्मावियाने दिवाळखोरी जाहीर केली आणि 1 एप्रिलपासून तिची विमानं जमिनीवर राहिली. त्यानंतर तीन वर्षांनी क्लब संपला. एकामुळेच दुसरं घडलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण घरातल्या कर्त्याचा मुख्य धंदा बुडाल्यावर सगळ्यात आधी कुठला खर्च कापला जातो, हे कुणालाही सांगावं लागत नाही. फुटबॉल क्लब हा घरातल्या मासळीच्या टाकीसारखा असतो. दिसायला छान, पाहुण्यांना दाखवायला छान, आणि वीजबिल भरायची पंचाईत झाली की पहिली बंद होणारी.

गंमत म्हणजे, खरं तर गंमत नव्हे, आर्मेनियाने हे आधी एकदा पाहिलं होतं. 2000 साली मीकाने अंतिम सामन्यात ज्या झ्वार्तनोत्सला हरवलं, त्याचं पूर्ण नाव झ्वार्तनोत्स-एएएल. झ्वार्तनोत्स हा येरेवानचा विमानतळ, आणि एएएल ही आर्मेनियन एअरलाइन्स या तेव्हाच्या सरकारी विमान कंपनीची अक्षरं. 2003 मध्ये ती कंपनी बुडाली, क्लबही त्याच वर्षी संपला. पाठोपाठ देशाचं आकाश आर्मावियाकडे आलं. दहा वर्षांनी तीही गेली.

## 'परवाना' नावाची चाळण

पैसा आटला तरी क्लब रडतखडत चालू शकतो, खालच्या विभागात खेळू शकतो. मग एकदम नाहीसा का होतो? याचं उत्तर एका तांत्रिक शब्दात आहे: क्लब परवाना. युरोपीय फुटबॉलची शिखर संस्था युएफा हिने 2004-05 च्या हंगामापासून ही पद्धत लागू केली. युरोपीय स्पर्धांत खेळायचं तर तेव्हा दरवर्षी पाच गोष्टी दाखवाव्या लागत: खेळाची तयारी आणि युवा संघ, मैदान, प्रशिक्षित कर्मचारी, कायदेशीर बाजू आणि हिशेब. देशोदेशीचे महासंघ आपापल्या लीगसाठीही अशीच चाळण वापरतात.

यातली शेवटची, हिशेबाची अट सगळ्यात कडक. खेळाडूंचे पगार, दुसऱ्या क्लबांचे पैसे, सरकारचा कर, यातलं काही थकलेलं नाही हे कागदावर सिद्ध करायचं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभं राहताना 'थकबाकी नाही' असा दाखला जोडावा लागतो, तसंच. गावात कितीही मान असो, घरपट्टी थकली तर अर्ज बाद.

ही अट यायलाच हवी होती. त्याआधी खेळाडूंना सहा-सहा महिने पगार न देता लीग खेळणारे क्लब युरोपभर होते. पण दादाच्या खिशावर चालणाऱ्या क्लबाला ही चाळण म्हणजे दरवर्षीचा कडेलोट. वर्गणीचं मंडळ खर्च कमी करून दाखला मिळवतं. दादाच्या मंडळाला तो एकच प्रश्न असतो, यंदा दादा सही करणार का? नसेल तर मधला मार्ग उरत नाही.

## पण एवढे कप जिंकले, त्याचे पैसे कुठे गेले?

देशांतर्गत कपाला मान असतो, धन फारसं नसतं. खरा फायदा असा, की कपविजेत्याला युरोपीय स्पर्धेच्या पात्रता फेरीत जागा मिळते. 2015 च्या आसपास तिथे पहिल्याच फेरीत हरून परतलं तरी सुमारे दोन लाख युरो मिळत. आर्मेनियन क्लबाला ही मोठीच रक्कम. पण तेवढी हाती येईल या हिशेबाने संघ बांधायचा, परदेशी खेळाडू आणायचे, आणि त्या वर्षी तिसरा-चौथा क्रमांक आला की सगळं गणित कोसळतं. वळवाच्या पावसावर उसाची लागवड करण्यातला प्रकार.

यश हा बचावच नाही, हे मीकाच्या शेजाऱ्यांनीही दाखवलं. प्युनिकची दहा वर्षांची सद्दी 2011 मध्ये मोडली ती युलिसेस या क्लबाने. लीगचा विजेता! तोच युलिसेस 2015-16 चा हंगाम अर्ध्यावर सोडून गेला, मीकाच्या काही महिने आधी. सिमेंटवाल्या त्सेमेंतने 1998 मध्ये लीग जिंकली होती, अराक्स या नव्या नावाने 2000 मध्ये पुन्हा जिंकली, तोही नकाशावरून पुसला गेला. 1997 चा विजेता येरेवान एफसी, तोही नाही.

## मग चांगले खेळाडू विकून तगायचं ना?

हेच ते चौथं दार. हेन्रिख मखितार्यानचं उदाहरण सगळे देतात. प्युनिकमध्ये घडलेला हा मुलगा 2009 मध्ये युक्रेनला गेला, तिथून डॉर्टमुंड, मग मँचेस्टर युनायटेड. पण लहान लीगमधून खेळाडू पहिल्यांदा निघतो तो स्वस्तात. मोठी किंमत लागते दुसऱ्या-तिसऱ्या विक्रीला, आणि ती दुसऱ्याच्या गल्ल्यात पडते. शेतकऱ्याकडून बांधावर उचललेल्या आंब्याची किंमत वाशीच्या मार्केटात किती होते, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. शिवाय मखितार्यान दर पाच वर्षांनी जन्मत नाहीत.

## देशच लहान, तिथे दुसरं काय होणार?

हा आक्षेप मला अजिबात पटत नाही. आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आत आहे, आर्मेनियाच्या सातवा-आठवा हिस्सा. तिथला केआर हा रेक्याविकचा क्लब 1899 पासून चालू आहे. तिथे क्लब सभासदांचे असतात. मैदानं आणि हिवाळ्यात खेळायची बंदिस्त सभागृहं बहुधा नगरपालिकांची. त्याच क्लबात शेजारची पोरंपोरी हँडबॉल खेळतात, आयाबाप सामन्याच्या दिवशी कॉफी विकतात. मालकच नाही, त्यामुळे मालकाचा धंदा बुडायचा प्रश्न नाही.

खुद्द आर्मेनियातही ग्युमरीचा शिराक टिकून आहे. 1988 च्या भूकंपाने ते शहर उद्ध्वस्त केलं, तरी चार वर्षांनी शिराक लीगचा संयुक्त विजेता होता. शिराककडे पैसा नेहमीच कमी. पण तो ग्युमरीचा आहे, हे ग्युमरीत कुणाला समजावावं लागत नाही. मीकाने अश्तराक सोडलं तेव्हा स्टेडियम मिळवलं आणि गाव घालवलं, असं माझं मत. येरेवानमध्ये आधीच अरारात, प्युनिक, बनांत्स होते. तिथल्या एखाद्या पोराने मीकाचाच चाहता का व्हावं?

## नाव बदलून पुन्हा सुरू करायचा, त्यात काय!

करतातही. प्युनिक या शब्दाचा अर्थच राखेतून उठणारा फिनिक्स पक्षी, आणि तो क्लब खरोखरच एकदा मैदानाबाहेर जाऊन 2001 मध्ये परतला. पण आज ते तितकं सोपं नाही. युएफाचा नियम सांगतो, की क्लब सलग तीन वर्षं महासंघाचा सभासद असला पाहिजे, तरच युरोपचा परवाना. म्हणजे जुनी कर्जं जुन्या पाटीखाली गाडायची आणि दुसऱ्या दिवशी नव्या पाटीने युरोपात जायचं, ही पळवाट बुजवली आहे. 2017 मध्ये आर्त्साख या नावाने सुरू झालेला क्लब 2019 मध्ये नोआह झाला, 2020 चा कप जिंकला आणि त्याच वर्षी पहिल्यांदा युरोपात उतरला. तीन वर्षांचं गणित बरोबर जुळलं. हाच नोआह नोव्हेंबर 2024 मध्ये चेल्सीकडून 8-0 असा हरला म्हणून आपल्याकडच्या क्रीडापानांवर झळकला, आणि 2025 मध्ये आर्मेनियाचा विजेता झाला. चेल्सीसमोर उभं राहायला मिळालं हेच त्यांच्या दृष्टीने मोठं होतं, यात मला शंका नाही.

आपल्यालाही हे परकं नाही. 2006 मध्ये देशाची राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये कंपनीच्या एका निर्णयाने संपला. तिथे कुणी बुडालंही नव्हतं.

## क्लब गेल्यावर मागे काय राहतं?

लगेच दिसणारा परिणाम म्हणजे, युलिसेस आणि मीका गेल्यावर 2016-17 च्या लीगमध्ये फक्त सहा संघ उरले. तीस सामन्यांचा हंगाम भरायचा तर प्रत्येकाने प्रत्येकाशी सहा-सहा वेळा खेळायचं. त्याच बचावपटूला त्याच आघाडीवीराने वर्षात सहाव्यांदा चकवणं, हे बघायला तिकीट कोण काढेल? एक क्लब मेला की उरलेल्यांची वर्गणीही अशी आटते.

दुसरा परिणाम कुणाला दिसत नाही. फिफाचा एक नियम आहे: खेळाडू पैसे मोजून दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला, की त्या रकमेतले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटायचे. बारा ते पंधरा या वयातल्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, पुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. समजा, एखादा मुलगा बारा ते अठरा अशी सात वर्षं एकाच क्लबात शिकला आणि पुढे कधीतरी दहा लाख युरोंना विकला गेला, तर त्या क्लबाचे होतात पंचवीस हजार युरो. लहान क्लबाचा काही महिन्यांचा पगार त्यात निघतो. आणि तो क्लब अस्तित्वातच नसेल तर? पैसे त्या देशाच्या महासंघाला जातात, युवा फुटबॉलसाठी म्हणून. मीकाच्या मैदानावर 2010 च्या आसपास बारा वर्षांची जी पोरं सराव करत होती, ती आता सत्ताविशीच्या घरात आहेत. त्यांच्यातला कुणी उद्या विकला गेला, तर कागदावर मीकाचं नाव अजून एकदा येईल, आणि धनादेश दुसऱ्याच्या नावाने निघेल.